कंट्रोलचं गाव

कासाबाई गडदे नर्स होती आणि तिला पीएच.डी. करायची होती. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे तुम्ही आता डॉक्टर होणार?"

"होणार," ती म्हणायची. "पण गोळ्या न देणारी."

परभणीत ती नर्सिंगच्या पोरींना शिकवायची. रोग्याला न उठवता त्याच्या खालची चादर कशी बदलायची, सलाईनची बाटली संपत आली हे पाठमोरं असताना कसं ओळखायचं, आणि डॉक्टर चुकत असेल तर ती चूक त्याची त्यालाच सापडली असं कसं वाटू द्यायचं, एवढं तिच्याकडून शिकून पोरी बाहेर पडायच्या. नोकरी सांभाळून तिनं बाहेरून एम.ए. केलं होतं. तिच्या आधी घरात शाळेची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील येडबा अजून पोखर्णीच्या माळावर मेंढरं राखत होते. लेक एम.ए. झाली तेव्हा त्यांनी गावभर गूळ वाटला. पीएच.डी.चं ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, "मेंढरू बी वर्साला दोनदा कातरलं की मोकळं होतंय. तू कवा मोकळी व्हायचीस, कासे?"

नर्सिंगमध्ये पीएच.डी. करायची सोय तेव्हा विद्यापीठात नव्हती. खरं तर विद्यापीठाच्या नावाचंच भिजत घोंगडं पडलेलं. नामांतराचा ठराव होऊन सहा-सात वर्षं लोटली, तरी मोर्चे निघत होते, बंद पुकारले जात होते, एस.टी. मध्येच कुठंतरी थांबत होती. अशा धामधुमीत एका नर्सबाईच्या विषयाला कोण विचारतो? एक प्राध्यापक म्हणाले, "नर्सिंगमध्ये कसलं संशोधन? ताप मोजायचा आणि तक्त्यावर लिहायचा." दुसरे म्हणाले, "विषय चांगला आहे, एखाद्या डॉक्टरला देऊन टाका." तिसरे होते समाजशास्त्राचे प्रा. सिताराम खिल्लारे. ते म्हणाले, "बसा. विषय चार ओळींत लिहा. पाच झाल्या तर उद्या या."

कासाबाईच्या पाच झाल्या. ती दुसऱ्या दिवशी गेली. मग त्याच्या दुसऱ्याही दिवशी गेली.

खिल्लारे सर पूर्णेच्या रेल्वे गँगमनचे चिरंजीव. अंगानं काडी, आवाजानं नगारा. त्यांच्या वस्तीतून प्राध्यापक झालेले ते पहिलेच, आणि त्याचा त्यांना अभिमानापेक्षा धाक जास्त होता. "गडदेबाई," ते म्हणायचे, "आपल्या लोकांचे प्रबंध भिंग घेऊन वाचले जातात. दुसऱ्याच्या प्रबंधात चूक निघाली तर ती टंकलेखकाची. आपल्या प्रबंधात निघाली तर ती जातीची. तेव्हा चूक ठेवायचीच नाही." मग ते तांबड्या शाईचं पेन उघडत.

सरांकडे आणखी एक नर्स होती, पूर्णेची शहनाज सिस्टर. दोघी परभणीच्या स्टँडवर भेटल्या की आधी एकमेकींची कागदं बघायच्या, मग तब्येत विचारायच्या. "तुझ्यात तांबड्यापेक्षा निळं जास्त दिसतंय गं," शहनाज जळून म्हणायची. "माझ्यात माझं स्वतःचं फक्त नाव उरलंय."

त्या साली सर नामांतराच्या सत्याग्रहात पकडले गेले आणि त्यांना काही दिवस आत राहावं लागलं. कासाबाईला वाटलं, चला, जरा उसंत मिळाली. पण सरांनी तिचं पहिलं प्रकरण पिशवीत सोबत नेलं होतं. आत वेळच वेळ. प्रकरण टपालानं परत आलं तेव्हा ओळी कुठं आणि दुरुस्त्या कुठं ते ओळखू येत नव्हतं. मात्र तुरुंगातून बाहेर जाणारा कागद म्हणून तिथल्या अधिकाऱ्यानं प्रत्येक पानावर शिक्का मारला होता, 'तपासले'. ते बघून कासाबाईला भरून आलं. कुणीतरी तिचं पहिलं प्रकरण मंजूर केलं होतं.

विषय होता लेकरांच्या हगवणीचा. उन्हाळा संपता संपता आणि पावसाळ्याच्या तोंडी खेड्यातली लेकरं जुलाबानं सुकून जायची, आणि आया नेमकं त्यांचं पाणी तोडायच्या. पाणी पाजलं की जुलाब वाढतात अशी समजूत. कासाबाईचं म्हणणं साधं होतं. आईला साखर-मिठाचं पाणी करायला शिकवलं, तर लेकरू दवाखान्याच्या खाटेपर्यंत पोचतच नाही. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ. चव घेऊन बघायची, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर टाकून द्यायचं.

"हे तुम्हाला वाटतं," सर म्हणाले. "सिद्ध कसं करणार?"

"शिकवीन आणि बघीन."

"शिकवल्यामुळंच फरक पडला कशावरून? त्या वर्षी पाणीच स्वच्छ आलं असेल. दोन गावं घ्या. एकाला शिकवा, एकाला शिकवू नका. दोन्हींकडे लक्ष ठेवा. न शिकवलेलं गाव म्हणजे नियंत्रित गट."

कासाबाई म्हणाली, "सर, न शिकवलेल्या गावात लेकरू आजारी पडलं तर मी नुसती बघत बसू?"

"बसू नका. दवाखान्यात पाठवा, गाडी करून द्या, आज होतंय ते सगळं होऊ द्या. फक्त पाणी शिकवू नका. अभ्यास संपला की पहिल्यांदा त्याच गावाला शिकवा. पण तोवर साखर-मिठाचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि त्याची पुडीसुद्धा त्या गावच्या शिवेत न्यायची नाही."

नदीच्या अल्याड-पल्याडची दोन गावं ठरली. उमरवाडीला शिकवायचं. मांजरखेडा कोरं ठेवायचं. कासाबाई उमरवाडीत घरोघर साखर वाटून तांबे भरून घेत होती त्या दिवशी, मांजरखेड्याला समजावून सांगायला सर स्वतः गेले. मारुतीच्या पारावर माणसं जमली, बायाही जमल्या. 'नियंत्रित गट' हा शब्द लोकांच्या डोक्यावरून जाईल हे सरांना कळत होतं. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावं असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी सगळ्यांना माहीत असलेला शब्द निवडला.

"आजपासून तुमचं गाव," ते नगाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "आमच्या अभ्यासात कंट्रोलमध्ये आहे."

पारावर आनंदाची लाट आली. दोन-चार म्हाताऱ्यांनी हात जोडले. सर खूश होऊन परतले आणि कासाबाईला म्हणाले, "बघा, सोप्या भाषेत सांगितलं की कसं पोचतं!"

कासाबाईनं विचारलं, "काय शब्द वापरलात, सर?"

सरांनी सांगितला.  सर रेल्वेच्या गावात वाढलेले आणि पुस्तकात मुरलेले. खेड्यात कंट्रोल म्हणजे फक्त एकच, रेशनचं दुकान.

दोन दिवसांनी ती मांजरखेड्यात उतरली तेव्हा कंट्रोलच्या दुकानापुढं अख्ख्या गावाच्या बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या. काहींनी रॉकेलचे डबेही आणले होते. दुकानदार दिनकरराव ओट्यावर घामाघूम झाले होते. कासाबाईला बघताच ते धावत आले.

"शिस्टर, माझ्याशी कशाची दुश्मनी काढायलाव? ह्या म्हणतेत सरकारनं गाव कंट्रोलमदी घातलंय अन् साखर मी दाबली. तहशिलीत ही बोंब गेली तर माझं लायसन जातंय!"

सगळ्यांच्या पुढं सुमनबाई होती. धिप्पाड बाई, घरचं बरं, आणि बोलायला लागली की मधे श्वास न घेणारी. "शिस्टर, तुमीच न्याय करा," ती म्हणाली. "उमरवाडीला तुमी घरटी साखर वाटली. माझी नणंद नर्मदा तितंच दिलीय, मला समदं मालूम हाय. ते गाव कंट्रोलमदी न्हाई तर त्यांला साखर, अन् आमी कंट्रोलमदी असून आमच्या पिशव्या मोकळ्या. हा कुठला कानून?"

कायदा बिनतोड होता. कासाबाई ओट्याच्या पायरीवर बसली, बायांना बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली. दोन गावं, एकाला शिकवायचं, एकाला न्हाई, मग फरक बघायचा. काय शिकवायचं ते तेवढं तिनं सांगितलं नाही.

"म्हंजी दोन मेंढरं, एकाला सरकी घालायची अन् दुसरं नुसतं बघायचं," सुमनबाई म्हणाली.

"तसंच काहीसं."

"अन् आमी दुसरं मेंढरू."

कासाबाई स्वतः मेंढरांतली, तिला हा हिशोब पाठ होता.  ती म्हणाली, "लेकराला काही झालं तर मला निरोप द्या, मी गाडी करून दवाखान्यात नेईन. अन् अभ्यास संपला की तुमाला आधी शिकवीन. पर तोवर तुमाला उमरवाडीतलं काही ठाऊक झालं, तर माझी सगळी मेहनत पाण्यात."

"तुमचं पुस्तक बिगडंल?"

"बिगडंल."

सुमनबाईनं मागं वळून बायांकडं बघितलं. बायांनी तिच्याकडं बघितलं. "मंग आमाला काय बी मालूम न्हाई," ती म्हणाली. पिशव्या घड्या घालून काखेत गेल्या आणि गर्दी पांगली. दिनकररावांनी कासाबाईला चहा पाजला, तोही दुकानातली साखर घालून.

पाऊस झाला, पंचमी झाली, दिवाळी झाली. कासाबाई दोन्ही गावांत घरोघर हिंडून प्रश्न विचारू लागली. उमरवाडीच्या बाया उत्तरं देताना पाल्हाळ लावायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या, कुणाच्या सासूनं साखर चहात संपवली तेही सांगायच्या. मांजरखेड्यात मात्र काम भलतंच सोपं होतं.

"लेकराला जुलाब लागले तर तुमी काय कर..."

"न्हाई मालूम."

"पाणी पाजता का तोडता?"

"न्हाई मालूम."

"तुमचं नाव काय?"

"न्हाई मा... सुलाबाई."

ही सुलाबाई गावातली सगळ्यात म्हातारी सुईण. तिला काही मालूम नाही यावर विश्वास ठेवणं कठीण होतं, पण लिहिणं भाग होतं. सरांनी तक्ते बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. "गडदेबाई, इतका निखळ नियंत्रित गट मी परदेशी पुस्तकांतसुद्धा बघितला नाही. या पानावर मला तांबडं पेन उघडावंसं वाटत नाही." कासाबाईनं ही बातमी शहनाजला कळवली. शहनाज म्हणाली, "सर बरे आहेत ना?"

कासाबाईला मात्र एक गोष्ट टोचत होती. तिकडच्या आरोग्य केंद्रातला कंपाउंडर सहज म्हणाला होता, की यंदा उमरवाडीची लेकरं सलाईनला आलीच नाहीत, आणि मांजरखेड्याचीही आली नाहीत. काहीच ठाऊक नसलेल्या गावाची लेकरं बरी कशी राहिली? तिनं ते सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. गट असा आपोआप सुधारत नसतो."

आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, भर उन्हाळ्यात सर आले. दिवसभर त्यांनी आठ-दहा घरं पालथी घातली आणि सगळीकडं तेच उत्तर घेतलं. संध्याकाळचं जेवण दिनकररावांनी ठेवलं होतं. हा सर साखरेवरून तहशीलदाराकडं जाईल ही भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती, म्हणून त्यांनी आमरसाचा घाट घातला होता.

पंगतीत पाट मांडलेला बघून सर क्षणभर दारातच थबकले. अशा घराच्या अंगणात त्यांच्या वडिलांना ओंजळीनं पाणी प्यावं लागलं होतं. आज मालक स्वतः वाढत होता. सर बसले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की ताटात काही टाकायचं नाही आणि वाढलेल्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर त्याचा भलताच अर्थ निघेल. इकडं दिनकररावांनी ठरवलं होतं, की पाहुणा नाही म्हणेपर्यंत थांबायचं नाही. दोघंही शब्दाचे पक्के निघाले. कासाबाई बायांच्या पंगतीतून बघत होती. तिसऱ्या वाटीला तिनं डोळ्यानं खुणावलं. पाचव्या वाटीला ती खाकरली. सरांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

सरांची बाज सुमनबाईच्या ओसरीत टाकली होती. सकाळी कासाबाई उठून बघते तो सर टमरेल घेऊन बांधाकडून येत होते. थोड्या वेळानं परत जाताना दिसले. मग येताना. मग बाजेपर्यंत न पोचता अर्ध्या वाटेवरूनच वळताना. ऊन चढलं तेव्हा नगारा बसला होता आणि चष्मा नाकावर टिकत नव्हता.

कासाबाईनं त्यांची नाडी धरली. "जीभ दाखवा."

"अहो..."

"दाखवा."

सरांनी दाखवली. कोरडी ठाक. इतक्या वर्षांत सर तिच्या चुका बघत आले होते, तिनं त्यांचं काही बघायची ही पहिलीच वेळ. "पाणी कमी झालंय अंगातलं," ती म्हणाली. "पुड्या उमरवाडीतल्या पेटीत आहेत. तुमचाच नियम. पण चुलीपाशी साखर-मीठ आहे, मी आत्ता..."

"नाही!" सर बाजेवरून अर्धे उठले. "हे नियंत्रित गाव आहे. कुणी बघितलं म्हणजे?"

"सर, तुम्ही प्रतिसादक नाही. मार्गदर्शक आहात."

"गटाच्या हद्दीत आहे मी! संशोधकानं स्वतःच्या सोयीसाठी..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना टमरेल उचलावं लागलं.

आता मात्र कासाबाईतली नर्स जागी झाली. मार्गदर्शक गेला खड्ड्यात. नाही, खड्ड्यात जायच्या आधीच त्याला पाणी पाजलं पाहिजे. ती पदर खोचून आत निघाली, तर आतून सुमनबाई पितळी तांब्या घेऊन बाहेर येत होती. सर परत येऊन आडवे झाले तसा तिनं तो त्यांच्या हातात दिला.

"प्या सर. घोट घोट प्या, घटाघटा न्हाई."

सरांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. त्यांची नजर हळूहळू तांब्यावरून सुमनबाईवर गेली.

"हे काय आहे?"

"पानी हाय."

"यात काय घातलंय?"

सुमनबाईनं आढ्याकडं बघितलं. "न्हाई मालूम."

"पाणी उकळलेलं लागतंय."

"उनाचा तांब्या तापला आसंल."

"मला सुकवायचं सोडून पाणी का पाजताय?"

"न्हाई मालूम, सर. पर आता बोलू नका, प्या."

सरांना पाव्हणचारात जुलाब लागल्याची बातमी एव्हाना गावभर गेली होती. बाया बघायला येऊ लागल्या आणि येणारी प्रत्येक जण पदराखाली तांब्या घेऊन येत होती. बाजेभोवती ओळ लागली. पितळी, स्टीलचे, एक तर चक्क कळशी. सर विचारत होते, बाया "न्हाई मालूम" म्हणत होत्या आणि पाजत होत्या. कासाबाई खांबाला टेकून उभी होती. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तिच्या डोळ्यांदेखत घोटाघोटानं बुडत होतं, आणि तरी तिला आतून कसलंतरी भरतं येत होतं. एकीच्याही हाताचं माप चुकत नव्हतं.

मग म्हातारी सुलाबाई आली. तिच्या तांब्यातला घोट घेताच सरांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"खारट झालंय, आत्या," सुमनबाई म्हणाली. "तुज्या चिमटीत मिठाची गोणी मावती."

"माझी चिमूट बराबर हाय," सुलाबाई फणकारली. "डोळ्याच्या पान्याहून खारट नगं, शिस्टरचा शब्दच हाय तसा. मी माझं डोळं पुसून चाखलंय!"

 सुमनबाईनं म्हातारीला कोपर मारलं, पण ते उशिरा. सरांनी तांब्या खाली ठेवला.

"शिस्टरचा शब्द," ते म्हणाले. "शिस्टरनं तुम्हाला सांगितला?"

"न्हाई हो!" सुमनबाई पुढं झाली. "शिस्टरच्या तोंडून आमी एक अक्षर ऐकलं न्हाई, माझ्या लेकराची आण. माझी नणंद पंचमीला माहेरी आली. तिच्या लेकराला हितं जुलाब लागले. तिनं आमच्याच चुलीवर पानी केलं, पाजलं, लेकरू उठून बसलं. आता आमी काय डोळं झाकून घ्यायचे? दुसऱ्या दिशी माझ्या पुतण्याला लागले, मी केलं. मंग वरच्या आळीनं मागितलं."

"किती घरांना ठाऊक आहे?"

"समद्याच."

"मग विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

सुमनबाईला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "शिस्टरचं पुस्तक बिगडू नये म्हनून! तिनंच सांगितलं, आमाला मालूम झालं तर तिची मेहनत वाया. आमी पोराबाळांस्नी बी पढवून ठिवलं हाय. लय अवघड गेलं सर, सुलाआत्याला तर रोज याद द्यावी लागती."

कासाबाई मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हसू येत होतं का रडू, तिचं तिला कळत नव्हतं. म्हशीनं मान वळवून बघितलं आणि परत कडबा खायला लागली.

दुपारपर्यंत सरांना उतार पडला. मऊ भात खाऊन ते भिंतीला टेकून बसले. कासाबाई समोर बसली. "सर," ती म्हणाली, "आपण दोघांशिवाय हे कुणाला..." आणि तिचं तिलाच पुढं बोलवेना.

"मीही सकाळपासून तेच म्हणतोय मनात," सर म्हणाले. "चौथ्यांदा बांधाकडं गेलो तेव्हा मनात आलं, तक्ते आहेत तसेच प्रबंधात घालू, कुणाच्या बापाला कळतंय. सहाव्यांदा गेलो तेव्हा ते मनातून गेलं. अंगात ताकदच उरली नव्हती खोटं बोलायची." चष्मा पुसून त्यांनी नाकावर ठेवला. "ते प्रकरण फाडा."

"फाडायला काय, सर. त्यात 'न्हाई मालूम'शिवाय आहे काय?"

सर हसले. पोट धरून हसले, आणि मग लगेच घाबरून गप्प बसले. "तुम्ही बायांना शिकवून लेकरं वाचतात का बघायला निघालात," ते म्हणाले. "ते झालंच सिद्ध. पण न शिकवता ते नदीपलीकडं गेलं कसं? कोणाच्या हातानं? नणंद माहेरी आली की काय काय घेऊन येते, याचा आमच्या कुठल्याही पुस्तकात विचार नाही. मलाही सुचलं नाही. तुम्हाला सुचायला हवं होतं."

"सुचलं होतं थोडं," कासाबाई हळूच म्हणाली. "पण तुम्ही चारच ओळी लिहायला सांगितल्या होत्या."

सरांनी आपलं पेन काढून तिच्यापुढं धरलं. मग म्हणाले, "आता पाचवी लिहा."

काम वर्ष-दीड वर्षानं वाढलं. येडबांनी ते ऐकून नुसतं आपल्या मेंढरांकडं बघितलं. कासाबाई पुन्हा घरोघर हिंडायला लागली. कुणाकडून शिकलात, कुणाला शिकवलंत, माहेरी कधी गेलात, बाजारात कोण भेटलं. आता मांजरखेड्याची उत्तरं आवरेनात. पूर्वी जिला विचारावं तिला काही मालूम नसायचं. आता जी ती म्हणायची, गावात पहिला तांब्या माझा. दोन जावा यावरून तीन दिवस बोलत नव्हत्या. सर तांबडी शाई घेऊन बसले, पण दुरुस्त्यांपेक्षा समासात "अजून लिहा", "हे कुणी सांगितलं?", "वा!" असलंच जास्त उमटायला लागलं. "वा" असलेलं एक पान शहनाजनं मुद्दाम मागून घेतलं आणि घरी नेऊन आईला दाखवलं.

मौखिक परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातले एक जाडजूड परीक्षक आले. ते भिंगानं वाचणाऱ्यांपैकीच होते. प्रत्येक तक्त्यावर त्यांनी बोट ठेवलं. कासाबाई उत्तरं देत गेली. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, नियंत्रित गट माहिती लपवत होता. हे तुम्हाला कळलं कसं?"

कासाबाईनं सरांकडं बघितलं. सर छताच्या पंख्याकडं बघत होते.

"बाहेरगावच्या एका पुरुष रुग्णावर त्या बायांनी उपचार केले," ती म्हणाली, "ते मी समोर उभी राहून बघितलं."

"रुग्णाचं वय?"

"पन्नाशीच्या पुढं-मागं."

"व्यवसाय?"

"शिक्षकी."

"शिक्षण?"

 पंखा गरगरत होता. शेवटी खिल्लारे सर घसा साफ करून नगाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "पीएच.डी." परीक्षकांनी प्रबंध मिटला, रुमाल काढून तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. पुढचा प्रश्न त्यांना विचारताच आला नाही.

पदवी जाहीर झाली तशी कासाबाई पेढे घेऊन दोन्ही गावांना गेली. आधी मांजरखेड्याला, कारण तसं तिनं कबूल केलं होतं. सुमनबाईनं प्रबंधाचा जाड ग्रंथ मांडीवर घेतला, वजन बघितलं आणि विचारलं, "आमी कुठं हावो यात?" कासाबाईनं पानं काढून दाखवली. पाचवं प्रकरण सगळं त्यांचंच होतं. बायांनी त्या पानांवरून हात फिरवला. सुलाबाईनं आपलं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं, आणि नावं बदलून घातली आहेत हे कळल्यावर पेढा परत डब्यात ठेवला.

मग ती नदी ओलांडून उमरवाडीला गेली. तिथं नर्मदाबाई दारातच उभी होती. भावजयीकडची खबर तिच्याकडं आधीच पोचली होती.

"शिस्टर, एक इचारू?" ती म्हणाली. "आमी पयल्यापासून खरं खरं सांगितलं. जे इचारलं ते सांगितलं. साखर सासूनं खाल्ली ते बी सांगितलं. आमाला पुस्तकात किती पानं?"

कासाबाईनं मनातल्या मनात मोजलं. "दोन तक्ते हायत," ती म्हणाली. "अन् थोडंसं."

"अन् त्या तिकडच्या वरीसभर लबाड बोलल्या, तर त्यांला आख्खं परकरण?" नर्मदाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आत या अन् बसा. लिवायचं सामान काढा. आता आमी बी लबाड बोलताव."